चाई : एका जुन्या दुखण्याची हकिकत

डोक्यावरचे केस गेले तर माणसाचे नेमके काय जाते? ताप येत नाही, भूक मरत नाही, हातापायातली ताकद कमी होत नाही. नांगरणी, खुरपणी, शाळा, स्वयंपाक सगळे पूर्वीसारखेच करता येते. असे असूनही एखाद्या मुलीच्या डोक्यावर रुपयाएवढी जागा गुळगुळीत झाली, की घराचा उंबरा ओलांडणे तिला जड होते. हे असे का होते, याचा थोडा विचार आज आपण करणार आहोत. मी वैद्य नाही. इतिहास शिकवणारा मास्तर आहे. परंतु या दुखण्याचा निम्मा भाग वैद्यकात आहे आणि निम्मा इतिहासात आहे, असे मला वाटते. म्हणून हे धाडस.

हे दुखणे म्हणजे चाई. काही ठिकाणी लोक 'उंदरी लागली' असेही म्हणतात. रात्रीतून उंदराने केस कुरतडून नेले असावेत, तशी डोक्यावर एक वाटोळी जागा दिसू लागते. खरूज नाही, जखम नाही, बहुधा दुखत-खुपतही नाही. फक्त केस नाहीत.

मी सातवीत होतो तेव्हाची गोष्ट. अहमदनगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका लहान गावात आमची शाळा होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गातली एक मुलगी डोक्याला रुमाल बांधून येऊ लागली. पहिल्या दिवशी कुणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरच्या एकाने रुमाल ओढला. कानामागे आणि टाळूवर असे दोन मोठे चट्टे होते. वर्ग हसला. मीही हसलो. गुरुजी मनाने वाईट नव्हते, पण त्यांनाही ठाऊक नव्हते. त्यांनी तिला खिडकीजवळ, सतरंजीचा एक तुकडा टाकून, वेगळे बसवले. 'दुसऱ्यांना लागायला नको' म्हणाले. संक्रांतीपर्यंत ती शाळेत आली. नंतर आली नाही. पुढे तिचे काय झाले, हे मी कधी विचारले नाही. त्या वयात असले प्रश्न कुणी विचारीत नाही. परंतु 'लागायला नको' हे दोन शब्द माझ्या कानात राहिले. ते खरे होते का, हे मला फार उशिरा कळले.

ते खरे नव्हते. चाई लागत नाही. एका कंगव्याने नाही, एका उशीने नाही, एका सतरंजीवर बसून तर मुळीच नाही. मग गुरुजींना तसे का वाटले? कारण हा समज त्यांचा एकट्याचा नव्हता. मोठमोठ्या पंडितांनीही तो बाळगला होता. ती हकिकत आधी सांगतो.

आपल्याकडच्या जुन्या वैद्यांना हे दुखणे चांगले ठाऊक होते. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांच्या प्रकरणात 'इंद्रलुप्त' नावाने त्याचे वर्णन आहे. तिथे कारण असे दिले आहे, की पित्त वायूशी मिळून केसांच्या मुळात शिरते आणि केस पाडते. मग कफ आणि रक्त मिळून ती छिद्रे बंद करतात, त्यामुळे नवे केस येत नाहीत. वाग्भटाने यात आणखी एक भेद नेमका टिपला आहे. साधे टक्कल हळूहळू पडते, इंद्रलुप्त एकाएकी होते. त्याने या रोगाला लोक वापरीत असलेले दुसरे नावही दिले आहे, ते 'चाच'. आपल्या 'चाई'शी ते किती जवळचे वाटते पाहा! वात-पित्ताची भाषा आज आपण वापरीत नसू. पण एक गोष्ट लक्षात घ्या. त्या वैद्यांनी या रोगाचे कारण शरीराच्या आत शोधले. रोग्याच्या पापात नाही, कुणाच्या नजरेत नाही आणि शेजाऱ्याच्या डोक्यातही नाही.

पश्चिमेकडेही हा रोग जुनाच आहे. पहिल्या शतकातल्या सेल्सस नावाच्या रोमन ग्रंथकाराने त्याचे दोन प्रकार सांगितले. त्यातला एक प्रकार सापासारखा वळत कानामागून जातो. मुलांमध्ये तो पुष्कळदा आपोआप बरा होतो, असेही त्याने लिहून ठेवले. उपाय मात्र त्याने सांगितला तो रोज वस्तऱ्याने ती जागा खरवडण्याचा. हा उपाय आपल्या खेड्यांतही माहीत आहे. ब्लेडने खरवडायचे आणि वरून लसूण चोळायची. दोन हजार वर्षे झाली, रोम कुठे आणि आपण कुठे, पण वस्तरा काही सुटला नाही.

आज डॉक्टर या रोगाला 'अ‍ॅलोपेशिया एरिएटा' म्हणतात. हे नाव १७६३ साली फ्रान्समधल्या सोवाज नावाच्या वैद्याने दिले. 'अ‍ॅलोपेशिया' हा शब्द कोल्ह्याच्या ग्रीक नावावरून आला आहे. लूत भरलेल्या कोल्ह्याचे केस जातात, त्यावरून हे नाव पडले. आपल्याकडे उंदीर, त्यांच्याकडे कोल्हा! माणसाला एखाद्या गोष्टीचे कारण कळेनासे झाले की तो कुणा ना कुणा जनावरावर आळ घेतो.

पुढे एकोणिसावे शतक आले. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसू लागले. क्षयाचा जंतू सापडला, पटकीचा सापडला. मग डॉक्टरांना साहजिकच वाटले, की चाईचाही जंतू असलाच पाहिजे. युरोप-अमेरिकेत शाळा, अनाथाश्रम आणि सैनिकांच्या बराकी येथे चाईच्या 'साथी' आल्याचे अहवाल निघाले. पॅरिसचे सबुरो हे नामांकित त्वचातज्ज्ञ. त्यांनीही शतकाच्या अखेरीस एका सूक्ष्म जंतूला दोषी धरले. दुसरा एक पक्ष म्हणे, हा मज्जातंतूंचा रोग आहे, भीतीने किंवा धक्क्याने होतो. हा वाद पुष्कळ वर्षे चालला. जंतूचा पक्ष पुढे हरला. परंतु विद्वानांनी सोडून दिलेला समज समाजातून लगेच जात नसतो. आमच्या गुरुजींनी टाकलेला सतरंजीचा तो तुकडा या जुन्या समजाचाच अवशेष होता.

या घोटाळ्याला एक कारणही होते. मुलांच्या डोक्यात नायटा, म्हणजे गजकर्ण, होतो. त्यानेही केस जाऊन चट्टा पडतो आणि तो मात्र खरोखरच लागणारा आहे. पण दोन्हींत फरक आहे. नायट्याच्या जागी खवले सुटतात, खाज येते, केस अर्धवट तुटलेले असतात. चाईची जागा बहुधा गुळगुळीत आणि स्वच्छ असते. तिच्या कडेला काही आखूड केस दिसतात, ते वर जाड आणि मुळाशी बारीक असतात, अगदी उद्गारचिन्हासारखे. कित्येक लोकांना चट्टा दिसला की महारोगाची भीती वाटते. महारोगाच्या, म्हणजे कुष्ठरोगाच्या, चट्ट्याची संवेदना मंदावते किंवा जाते. चाईच्या जागी बोट लावले तर कळते. अर्थात शेवटची खात्री डॉक्टरांनीच करायची, आपण नव्हे.

मग खरे कारण काय? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते उलगडत गेले. आपल्या रक्तात रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात. गावाची राखण करणाऱ्या जागल्यासारखे त्यांचे काम. चोराला पकडायचे, घरच्याला सोडायचे. कधी कधी या जागल्याची ओळख चुकते आणि तो घरच्याच माणसावर काठी उगारतो. चाईत या पेशी केसांच्या मुळांभोवती गर्दी करून बसतात. सूक्ष्मदर्शकातून पाहणाऱ्या डॉक्टरांनी या दृश्याला मधमाश्यांच्या मोहोळाची उपमा दिली आहे. १९९८ साली इस्रायलमधील गिल्हार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा पुरावा दिला. रुग्णांच्या डोक्याची थोडी त्वचा त्यांनी विशिष्ट उंदरांवर लावली, त्या उंदरांना स्वतःची अशी प्रतिकारशक्ती नव्हती. तिथे केस उगवले. मग त्याच रुग्णांच्या पांढऱ्या पेशी त्या त्वचेत सोडल्या, आणि केस पुन्हा गळले. जागल्याच दोषी, हे अशा रीतीने सिद्ध झाले.

यातली एक गोष्ट शेतकऱ्याला चटकन पटेल. या हल्ल्यात केसाचे मूळ मरत नाही. उन्हाळ्यात बांधावरची हरळी वाळून जाते, वाटते संपली. पहिला पाऊस पडला की हिरवी होऊन वर येते, कारण मुळी जिवंत असते. तसेच हे आहे. थोडे चट्टे असलेल्यांपैकी एक तृतीयांश ते निम्म्या लोकांचे केस वर्षभरात आपोआप परत येतात. नवे केस प्रथम पांढरे आणि मऊ येतात, मग काळे होतात. दुर्दैवाने काहींना चट्टे पुन्हा पुन्हा पडतात. थोड्या लोकांचे डोक्यावरचे सगळे केस जातात, आणि त्याहून थोड्यांचे भुवया-पापण्यांसकट अंगावरचे सर्व जातात.

आता प्रश्न असा, की अशी माणसे किती असतील? आपल्याला वाटते, क्वचित एखादा. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातील एका जिल्ह्याच्या वैद्यकीय नोंदी तपासून १९९५ साली एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. शंभरातील १.७ माणसांना आयुष्यात केव्हा ना केव्हा ही चाई पडते, असा तो होता. पन्नासातला जवळजवळ एक. आपल्या देशात चंदीगडच्या मोठ्या वैद्यकीय संस्थेने दहा वर्षांच्या नोंदींचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध केला. त्वचारोगासाठी येणाऱ्या नव्या रुग्णांत हजारामागे सात या रोगाचे होते. एकूण ८०८ रुग्ण पाहिले गेले. बहुतेक चाळिशीच्या आतले होते आणि साधारण पाचातला एक मूल होता. स्त्री असो, पुरुष असो, गोरा असो, काळा असो, हा रोग कुणालाच वगळत नाही.

हेच प्रमाण धरून आपल्या जिल्ह्याचा अंदाज करू. २०११ च्या शिरगणतीत जिल्ह्याची लोकसंख्या ४५ लाख ४३ हजार होती. कोणत्याही एका दिवशी हजारामागे एक दोन माणसांच्या अंगावर चाई असते असे धरले, तरी साडेचार हजारांहून अधिक माणसे होतात. आयुष्यात कधीतरी चाई पडणारे मोजले तर आकडा सत्त्याहत्तर हजारांच्या आसपास जातो. हा हिशेब ढोबळ आहे, घरोघर जाऊन केलेली मोजणी नव्हे. पण त्याचा अर्थ सरळ आहे. हजार मुलांच्या शाळेत आज एखादे तरी मूल डोक्याला रुमाल किंवा टोपी घालून बसलेले असण्याचा संभव आहे. मग ही माणसे आपल्याला दिसत का नाहीत? ती पदराखाली, टोपीखाली, फेट्याखाली असतात. कित्येक तर घराबाहेरच पडत नाहीत.

हे मला स्वतःला अडतिसाव्या वर्षी उमगले. नेहमीच्या दुकानात केस कापायला बसलो होतो. कारागिराचा हात मध्येच थांबला. तो माझ्या कानाशी वाकून हळूच म्हणाला, "सर, मागं चाई पडलीय." त्याने दुसरा आरसा धरून दाखवले. दुकानात चार गिऱ्हाइके होती, एकालाही त्याने कळू दिले नाही. त्या माणसाचा सभ्यपणा मी विसरणार नाही. पुढचे सहा महिने मी कॉलेजात टोपी घालून जात होतो. फळ्याकडे वळलो की माझी पाठ मुलांकडे होई, आणि मागून कुणी हसले की ते मलाच हसले असे वाटे. मी पुरुष, नोकरीचा, लग्न होऊन दोन मुलांचा बाप. माझी थट्टा होईल, एवढीच मला भीती. तरी माझी ती गत. आणि ती तर बारा-तेरा वर्षांची मुलगी होती. तिला सगळा वर्ग हसला होता, मी धरून.

बाईच्या बाबतीत ही गोष्ट इतकी जड का होते, याचे उत्तर आपल्याच इतिहासात सापडते. आपल्याकडे डोके ही नुसती शरीराची जागा नाही, ते वाचले जाते. बाळाचे जावळ काढले तर आनंद, देवाला केस वाहिले तर भक्ती, बाप गेल्यावर मुलाने क्षौर केले तर सुतक. पेशवाईत गुन्हेगाराच्या डोक्यावर वस्तऱ्याने पाट काढून त्याची धिंड काढीत. अर्धवट केस, अर्धवट चट्टे, म्हणजे बेअब्रू. आणि सर्वांत कठोर वाचन होते विधवेच्या डोक्याचे. वरच्या म्हणवणाऱ्या जातींत नवरा मेला की बाईचे, कित्येकदा अजाण पोरीचे, केस न्हाव्याला बोलावून काढवीत. ते पुन्हा वाढू देत नसत. अशी बाई समोर आली तर लोक अपशकुन मानीत. हरि नारायण आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो' या कादंबरीतल्या यमूची कथा आपल्यापैकी अनेक शिक्षकांनी वाचली असेल. पिढ्यान् पिढ्या अशा रीतीने 'केस नसलेली बाई' आणि 'नशीब फुटलेली बाई' ही दोन चित्रे एकमेकांत मिसळून गेली. ती रूढी गेली, पण डोळ्यांची सवय राहिली. चाई पडलेल्या मुलीकडे पाहताना समोरचा मनुष्य रोग पाहत नाही, नकळत ते जुने चित्र पाहतो. 'हिचं लग्न कसं व्हायचं?' हा पहिला प्रश्न येतो तो तिथूनच.

परंतु याच इतिहासात दुसरेही एक पान आहे आणि ते अभिमानाचे आहे. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधवांची सभा भरली. लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी, 'दीनबंधु' पत्राचे संपादक आणि गिरणी कामगारांचे पुढारी. विधवांचे केस आम्ही काढणार नाही, असे त्या सभेत ठरले. विचार करा, ज्यांच्या हातात वस्तरा, त्यांनीच तो खाली ठेवला. शास्त्री-पंडितांचे वाद चालू होते, कायदा झाला नव्हता. या कष्टकरी माणसांनी मात्र म्हटले, की या अन्यायात आमचा हात नको. एखाद्या रूढीचा अर्थ बदलायचा असेल तर ती चालवणाऱ्या हाताने थांबावे लागते, हे त्यांनी दाखवले. माझ्या कानाशी हळूच बोलणारा तो कारागीर मला त्यांचाच वारस वाटतो.

आज आपल्या जिल्ह्याला ज्यांचे नाव दिले गेले, त्या अहिल्याबाईंचा जन्म जामखेड तालुक्यातल्या चोंडीचा. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती पडले, त्या विधवा झाल्या. पुढे १७६७ पासून १७९५ पर्यंत त्यांनी होळकरांचा कारभार असा चालवला, की सारा हिंदुस्थान त्यांना पुण्यश्लोक म्हणतो. ज्या जिल्ह्याने विधवेचे नाव मस्तकी धारण केले, त्या जिल्ह्यात तरी बाईच्या डोक्याकडे पाहून तिचे नशीब ठरवले जाऊ नये.

समाजाची नजर बदलते का? बदलते, आणि त्याचा दाखला जामखेडनेच दिला आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने तिथे ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. त्यांनी गावोगावच्या बायका निवडल्या. त्यांत कित्येक निरक्षर होत्या. त्यांना शिकवून आरोग्य सेविका बनवले. त्या काळी कुष्ठरोग्याला वेशीबाहेर ठेवीत. आरोळ्यांनी कुष्ठरोग्यांसाठी वेगळा दवाखाना काढला नाही. सर्व रुग्णांच्या बरोबर, एकाच ठिकाणी, त्यांना तपासले. सेविकांनी घरोघर सांगितले, हा रोग औषधाने बरा होतो, माणसाला घरातच राहू द्या. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुरस्कारापेक्षा मोठी गोष्ट ही, की खेड्यातली माणसे महारोगाकडे पाहण्याची रीत बदलू शकली. महारोग थोडा का होईना लागणारा रोग आहे. चाई तर लागतच नाही. मग तिच्याकडे पाहण्याची रीत बदलणे आपल्याला अवघड का असावे?

उलट, भीती अजून किती लवकर पसरते, याचाही एक ताजा अनुभव आहे. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात, शेगावच्या आसपासच्या काही गावांत, माणसांचे केस तीन-चार दिवसांत मुठीने गळू लागले. पावणेतीनशेच्या वर लोकांना हा त्रास झाला. वर्तमानपत्रांतून 'टक्कल व्हायरस' असे नाव निघाले. मुलींनी कॉलेजला जाणे सोडले, लग्ने अडली, अशा बातम्या आल्या. ही चाई नव्हती हे नीट ध्यानात घ्या. विंचूदंशावरील संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी तिथे जाऊन रक्त, लघवी, केस आणि गहू तपासले. सेलेनियम नावाचे द्रव्य प्रमाणाबाहेर आढळले, आणि रेशनच्या गव्हातून ते आले असावे असा निष्कर्ष त्यांनी मांडला. व्हायरस नव्हता, शाप नव्हता. परंतु खरे कारण कळण्याच्या आत खोटे नाव गावाला चिकटले होते. कारण शोधायला वेळ लागतो, नाव ठेवायला लागत नाही.

उपायांविषयी थोडक्यात सांगतो. थोडे चट्टे असतील तर त्वचातज्ज्ञ मलम देतात किंवा चट्ट्यातच बारीक सुईने औषध टोचतात. अलीकडे मोठी प्रगती झाली आहे. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठातील डॉ. अँजेला क्रिस्टियानो यांना स्वतःलाच चाई पडली होती. त्यांनी आपले सारे संशोधन त्या प्रश्नाकडे वळवले. २०१० साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हजाराहून अधिक रुग्णांच्या अनुवंशाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून औषधाची दिशा सापडली. जून २०२२ मध्ये 'बॅरिसिटिनिब' या गोळीला तीव्र चाईसाठी अमेरिकेत मान्यता मिळाली. या रोगासाठी मान्य झालेले असे ते पहिलेच पोटातले औषध. पुढच्या वर्षी बारा वर्षांपुढील मुलांनाही चालणारे दुसरे औषध आले. ही औषधे महाग आहेत, रक्ताच्या तपासण्या कराव्या लागतात आणि थांबवल्यावर केस पुन्हा गळू शकतात. म्हणून ती दुकानातून विचारून घ्यायची नव्हेत. जिल्हा रुग्णालयात किंवा लोणीच्या प्रवरा ग्रामीण रुग्णालयासारख्या ठिकाणी त्वचारोगाच्या डॉक्टरांना आधी दाखवावे. थायरॉईडचा विकार किंवा अंगावरचे कोड यांच्याशी चाईचे नाते असू शकते, तेही डॉक्टर पाहतात. लसूण, ब्लेड, तेजाब असले प्रयोग मात्र करू नका. त्याने चामडी भाजते, आणि जी हरळीची मुळी जिवंत होती ती खरोखरच मरते.

आणि मनाचे काय? या रोग्यांत खिन्नता आणि चिंता इतरांपेक्षा अधिक आढळते, असे अनेक देशांतील अभ्यास सांगतात. 'केसच तर आहेत, त्यात काय एवढं!' असे आपण धीर देण्यासाठी म्हणतो. पण ऐकणाऱ्याला वाटते, माझे दुःखही खोटे ठरवले. त्यापेक्षा गप्प बसून नेहमीसारखे वागावे. कामाला हाक मारावी, लग्नाला बोलवावे, हळदीकुंकवाला पुढे बसवावे.

शिक्षक बंधुभगिनींना माझी एक वेगळी विनंती आहे. उद्या तुमच्या वर्गात एखादे मूल डोके झाकून आले, तर त्याला ते झाकू द्या, शिस्तीचा प्रश्न करू नका. डॉक्टरांनी चाई आहे असे सांगितले, की त्या मुलाची आणि त्याच्या आईबापांची परवानगी घेऊन वर्गाला पाच मिनिटांत सांगा, की हा रोग लागत नाही, केस बहुधा परत येतात, आणि हा दोष कुणाचा नाही. मग फळ्याकडे वळा आणि पुढचा धडा सुरू करा. ती पाच मिनिटे वाया गेली असे समजू नका. आमच्या वर्गात ती कुणी दिली असती, तर एक मुलगी कदाचित सातवी पास झाली असती.

माझे केस वर्षभरात परत आले. पहिल्यांदा पांढरे आले, मग काळे. कारागिराने पुन्हा आरसा धरून दाखवले आणि म्हणाला, "सर, आली मुळी वर." मला आनंद झाला, नाही असे नाही. पण आरशात पाहताना मला माझे डोके दिसले नाही. खिडकीजवळचा तो सतरंजीचा तुकडा दिसला. त्या मुलीचे केस परत आले की नाही, मला ठाऊक नाही. तिची जागा मात्र आम्ही तिला परत दिली नाही, हे पक्के ठाऊक आहे. वाचकहो, तुमच्या गावात, तुमच्या शाळेत, तुमच्या घरात अशी एखादी सतरंजी वेगळी टाकलेली असेल, तर ती आजच उचला आणि सर्वांच्या ओळीत आणून पसरा.